आमच्या गल्लीतून गेलेला बोगदा

आमच्या घरातला टेलिफोन तीन घरांचा होता. निदान मला तरी तीनच माहीत होती. एकतीस वर्षं मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. पण आपण यात काही कायदा मोडतो आहोत असं मला एकदाही वाटलं नाही. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शेजाऱ्यांवर धडा होता, टेलिफोनवर नव्हता.

कर्नाटकाच्या सीमेवरच्या राजेश्वर या आमच्या गावी, आमच्या गल्लीत पहिला फोन माझ्याकडे आला. मग गल्लीतल्या झाडून सगळ्या पोरांनी, पुण्यात असोत की मुंबईत, आमचाच नंबर 'पीपी', म्हणजे शेजारचा निरोपाचा नंबर, म्हणून सांगितला. फोन वाजला की मी अंगणात जाऊन हाका मारायच्या, शेजारच्या रेवणप्पाने चप्पल शोधायची, त्याच्या बायकोने, जगदेवीने पदर सावरत यायचं, आणि ती येईपर्यंत पलीकडच्याने कंटाळून फोन ठेवून द्यायचा. शेवटी माझा घसा बसला तेव्हा रेवणप्पानेच तोड काढली. माझ्या खिडकीतून एक वायर निघाली, पेरूच्या झाडावरून त्याच्या माजघरात उतरली आणि तिथून पुढे पलीकडच्या चंद्रभागाबाईंच्या भिंतीतल्या देवळीत गेली. घंटी वाजली की तिन्ही घरांनी उचलायचं, ज्याचा असेल त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ठेवायचं, असं ठरलं. बाकीचे ठेवत असत असा माझा समज होता. एकदा साडूला मी बारशाचा दिवस सांगत होतो, तर मधूनच जगदेवीचा आवाज आला, "बुधवार न्हाई ओ गुरुजी, बेस्तवार हाय!" साडू दचकला. मी जगदेवीचे आभार मानले, कारण खरंच गुरुवार होता.

मोबाइल आले तरी ही व्यवस्था मोडली नाही. रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर मिळायची आणि पोरांच्या तोंडात आमचाच नंबर बसलेला होता.

दोन हजार आठच्या चौदा एप्रिलला सकाळी माझी बायको कोंडाबाई बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालायला स्टुलावर चढली आणि हार घालून झाल्यावर पडली. आधी हार, मग पडणं, हा क्रम ती आल्यागेल्याला आवर्जून सांगत असे. मांडीपर्यंत प्लॅस्टर बसलं. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले.

आमची एकुलती एक मुलगी दीपमाला बेंगळूरला सॉफ्टवेअर कंपनीत. ती त्याच रात्रीच्या बसने निघून आली. दहावीनंतर ही पोर हॉस्टेलला गेली ती गेलीच. सलग आठ दिवस घरात राहिली असं त्यानंतर कधी झालं नव्हतं. आता ती सकाळी आईची वेणी घालायची, दुपारी तिच्या पायाशी बसून भाजी निवडायची. पाय मोडलेल्या बाईने इतकं खूश असावं हे मला पटत नव्हतं. "पाय आधीच मोडला असता तर बरं झालं असतं का?" असं मी एकदा विचारलं, तर "व्हय" म्हणाली. मला चहा करता येतो आणि पापड भाजता येतो, तोही एकाच बाजूने, त्यामुळे दीपमाला असण्याची गरज नुसती मायेची नव्हती.

दहा दिवसांत तिची रजा संपत आली. तिचे वरचे साहेब महांतेश म्हणून होते. त्यांनी अट घातली : प्लॅस्टर निघेपर्यंत घरून काम कर, पण कंपनीच्या व्हीपीएनवरून, म्हणजे कंपनीच्या कुलूपबंद वाटेने. पहिला आठवडा बघतो. त्यात तीनदा लाइन तुटली तर मुकाट्याने बेंगळूरला यायचं. म्हणजे कोंडाबाईजवळ लेक राहणार की नाही हे आता टेलिफोनच्या तारेवर ठरणार होतं. तार माझ्या नावावर होती. जबाबदारी ओघानेच माझी.

ब्रॉडबँडचा अर्ज घेऊन मी टेलिफोन ऑफिसात गेलो. अर्ज तीन भाषांत होता आणि तिन्ही भाषांत कळत नव्हता. खिडकीतल्या बाईंनी घरमालकाचं ना-हरकत पत्र मागितलं. मी म्हणालो, घरमालक मीच. त्या म्हणाल्या, मग तुम्हीच द्या. म्हणून मी, बळीराम, घरमालक, याने बळीराम, भाडेकरू नसलेला इसम, यास ब्रॉडबँड घेण्यास माझी काही हरकत नाही असं लिहून दिलं आणि त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आणल्या. एक रेवणप्पा, दुसऱ्या चंद्रभागाबाई. अर्जाच्या शेवटी 'या लाइनवर किती यंत्रे आहेत' असा रकाना होता. तिथे मी 'एक' लिहिलं. माझ्या घरात एकच यंत्र होतं.

चार दिवसांत हिरवे दिवे असलेला मोडेम आला. दीपमालाने आईच्या खाटेजवळ टेबल मांडलं, कारण इन्व्हर्टरवरचा पंखा त्याच खोलीत होता. संध्याकाळी रेवणप्पा, जगदेवी आणि चंद्रभागाबाई ते दिवे बघायला आले. दीपमालाने आम्हाला सगळं समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. माझीच मुलगी.

"हे बघा अक्का," ती जगदेवीला म्हणाली, "इंटरनेट म्हंजी सगळ्यांचा रस्ता. कोण कुठून येतंय, कुठं जायलंय, बघणाऱ्याला दिसतंय. आता माझा कागद मला त्याच रस्त्यानं ऑफिसला पाठवायचाय. मग मी काय करते, कागद पेटीत घालते, पेटीला कुलूप घालते. किल्ली माझ्यापाशी आन ऑफिसपाशी. वरी पत्ता नुसता ऑफिसच्या दाराचा. आत कुणासाठी काय हाय, ते मधल्या कुणाला कळत न्हाई. पेटी पळवली तरी उपेग न्हाई. सगळ्यांच्या रस्त्यातून आपला एकट्याचा बोगदा जातो म्हणा की."

"मंजी," रेवणप्पाने विचार करून विचारलं, "आपल्याच पेरूवरून जाणार, आन आपल्यालाच कळणार न्हाई?"

"व्हय काका."

"कामून?"

या 'कामून'ला, म्हणजे 'का'ला, उत्तर द्यायचं मी स्वतःकडे घेतलं आणि तिथेच चूक झाली. गोपनीयता, ग्राहकाचा विश्वास, आधुनिक जग असं मी वीस मिनिटं बोललो. शाळेत असतो तर घंटा झाली असती. तिघंही चहा न घेताच उठून गेली. मला वाटलं, विषयाचा भार झाला असेल.

आमच्या गल्लीत दारं झोपतानाच लागतात. माणसं दार ओढून बोलतात ती दोनच गोष्टींसाठी, जमीन विकायची असेल तर किंवा सोयरीक जमवायची असेल तर. आमच्याकडे विकण्याजोगी जमीन नाही हे गल्लीला ठाऊक होतं. तेव्हा दुसऱ्या सकाळपर्यंत निकाल लागला : गुरुजी कंप्युटरवरून पोरीचं लग्न ठरवायलेत, आणि आपल्याला कळू नये म्हणून कुलूप घालून ठरवायलेत. जगदेवीने दीपमालाला कडेवर घेऊन वाढवलं होतं. तिला हे लागलं. तिच्याकडून भाकरीबरोबर रोज वाटीभर काहीतरी यायचं, ते बंद झालं.

आणि ऐकणं सुरू झालं. बोगद्यात काय चाललंय ते कळावं म्हणून जगदेवीने हळूच फोन उचलला. खरखर ऐकू आली. तिकडे आमच्या मोडेमचा हिरवा दिवा लाल झाला.

"अप्पा, तुटलं," दीपमाला म्हणाली. "एक गेलं."

बुधवारी चंद्रभागाबाईंनी प्रयत्न केला. त्या वयाने मोठ्या, त्यांना वाटलं जगदेवीला ऐकायची रीत नाही. खरखरच. बराच वेळ धरून बसल्या, पुढे सुरू होईल म्हणून. "दोन गेले," दीपमाला म्हणाली, आणि या खेपेला तिचा आवाज बारीक झाला होता. कोंडाबाईने खाटेवरून माझ्याकडे बघितलं.

मी तक्रार नोंदवली. गुरुवारी लाइनमन आला तो सिद्धराम, माझा जुना विद्यार्थी, मागच्या बाकावरचा. त्याने मोडेम बघितला, खिडकी बघितली आणि खिडकीतून बाहेर गेलेली वायरही बघितली. एक शब्द न बोलता तो तिच्या मागे चालू लागला. मी त्याच्या मागे. पेरूखालून रेवणप्पाच्या माजघरात गेलो. तिथे आम्हाला चहा मिळाला, कारण कुणी घरात आल्यावर रागही जरा बाजूला ठेवावा लागतो. तिथून चंद्रभागाबाईंच्या देवळीत. त्यांनी फोनला विणलेलं कव्हर घातलं होतं आणि त्यावर फूल ठेवलं होतं. इथे संपायला पाहिजे होतं. वायर मात्र देवळीच्या मागून बाहेर पडून कौलांवरून पुढे गेली होती.

"अजून हाय की गुरुजी," सिद्धराम म्हणाला.

वायर अमृतप्पा शिंप्याच्या दुकानात उतरली होती. तिथे माझ्याच लाइनवरचा फोन होता, लाल रंगाचा, माझ्याकडच्यापेक्षा चांगला. दुकानाच्या पाटीवर 'अमृतप्पा टेलर्स' आणि खाली ठळक अक्षरांत माझा नंबर. गेली दोन वर्षं मला अधूनमधून बायकांचे फोन येत, "ब्लाउज झाला का?" मी त्यांना 'राँग नंबर' म्हणून सांगत असे आणि लोक नंबर किती निष्काळजीपणे फिरवतात याचा खेद करत असे. आता कळलं की नंबर बरोबर होता, मीच चुकीचा होतो.

"गुरुजी," सिद्धराम खाली बघत म्हणाला, "फोनच्या तोंडाला एक फिल्टरची डबी बसवावी लागती. तुमच्या फोनला हाय, ह्यांच्याला न्हाई. ह्यांनी उचललं की तुमचं मरतंय. डबी फक्त नोंदीतल्या फोनला मिळती."

"मग आता?"

"मी काय बघितलो न्हाई. मला चहा दिलाव, मी चहा पिलो, गेलो. पण आजच्या आज वायर तोडा. आन गुरुजी, सार्वजनिक मालमत्तेचा धडा तुमीच शिकवलाव. मला त्यात पस्तीस मार्क पडले होते."

एवढं बोलून तो सायकलवर बसून गेला. मुख्याध्यापकाचा अपराध विद्यार्थ्याने पोटात घातला की बरं वाटावं की वाईट, यावर मी पेरूखाली उभा राहून बराच वेळ विचार केला. मग पक्कड आणली आणि माझ्याच हाताने माझ्या खिडकीपाशी वायर तोडली. गल्ली दारात उभी राहून बघत होती. जगदेवी म्हणाली, मला नाही, पेरूच्या झाडाला, "आमच्या पोराचा, नागराजचा फोन इतकी वरसं हितंच येतो. आता त्यानं कुठं करायचा?" मी पक्कड खिशात घातली. अमृतप्पाने पाटीवरचा नंबर चुन्याने पुसला, तोही मला दिसेल असा दुपारच्या उन्हात.

शुक्रवार आणि शनिवार लाइन एकदाही तुटली नाही. बोलणी मात्र सगळी तुटली. आजारी माणसाच्या घरात दोन दिवस कुणी फिरकलं नाही, असं आमच्याकडे मयतातही होत नाही. सोमवारी अकराला महांतेश साहेबांबरोबर मीटिंग होती, आठवड्याचा हिशोब तिथे व्हायचा होता. दीपमालाने काम उत्तम केलं होतं, पण तिचं लक्ष लागेना. शेवटी रविवारी ती उठून सरळ जगदेवीच्या चुलीपाशी जाऊन बसली. मी कुंपणाशी तुळशीला पाणी घालत होतो. आमच्याकडे तुळस नाही, ती त्यांची होती.

"लगीन न्हाई अक्का," ती म्हणाली. "नोकरी हाय. तीनदा तुटलं तर मला जावं लागतंय. दोनदा तुटलंय. मी गेले तर मायला उठवून कोण बसवणार? अप्पा?"

जगदेवीने फुंकणी खाली ठेवली. मग एकदम उसळली, "मग हे आदी सांगायचं न्हाई का गं बया? बोगदा सांगितलाव, पेटी सांगितलाव, कुलूप सांगितलाव. माय एकटी पडतीय हे सांगितलाव का? मीच इळीनं तोडले असते ना वायर!"

खरं होतं. वीस मिनिटांच्या व्याख्यानात मी तेवढं एक वाक्य सोडून सगळं बोललो होतो. कुंपणाशी मी जरा खाली वाकलो, तुळशीच्या निमित्ताने.

दीपमालाने मग तिला सगळंच दाखवलं. कुलूप कसं उघडतं तेही. त्यासाठी कंपनीने किल्लीच्या जुडग्याला अडकवायची एक छोटी चपटी डबी दिली होती. तिच्यावर सहा आकडे दिसत आणि दर मिनिटाला ते बदलत. "हा आकडा टाकल्याबिगर दार उघडत न्हाई, अक्का. चोराला पासवर्ड कळला तरी हा आकडा कुठून आणणार? एका मिनिटात शिळा होतो." जगदेवीने कौतुकाने डबी डोळ्यांजवळ धरली. तिच्या खांद्यावरून रेवणप्पानेही बघितलं, आणि तो फारच शांतपणे बघत होता. हे मी कुंपणावरून पाहिलं होतं, पण अर्थ लावला नाही.

रेवणप्पा सज्जन माणूस. मेंढरं गेली, शेती आली, शेतीबरोबर मटक्याचा आकडा आला. रोज एक आकडा लावायचा आणि रोज हरायचं, हा त्याचा नियम. अशा माणसाच्या समोर आपणहून, हात लावल्यावाचून, बेंगळूरहून आकडे सांगणारी डबी आली. त्याने शेवटचे दोन आकडे पाठ केले आणि त्याच संध्याकाळी लावले. आले. आता या योगायोगाला कंपनी जबाबदार नाही, मीही नाही.

सोमवारी साडेदहाला डबी टेबलावर नव्हती.

आम्ही घर उलटं केलं. उशा, पिठाचा डबा, कोंडाबाईच्या प्लॅस्टरची वरची फट, सगळं बघितलं. दीपमाला रडकुंडीला आली होती. "अप्पा, आकडा न्हाई तर आत जाताच येणार न्हाई. अकराला मी न्हाई दिसले तर ते तिसरं धरतील." कोंडाबाई खाटेवरून म्हणाली, "सकाळी रेवणप्पाअण्णा आलते. पायाचं इचारून गेले. माझ्या पायाकडं बगितलेच न्हाईत."

मी तसाच बनियनवर निघालो. रेवणप्पा घरी नव्हता. अमृतप्पाच्या दुकानात सहा-सात माणसं मान खाली घालून मशीनभोवती उभी होती. मशीनवर, सुईच्या बरोबर खाली, डबी ठेवली होती. अमृतप्पा कापडाच्या खडूने पाटीवर आकडे टिपत होता. दर मिनिटाला आकडा बदलला की "हाऽऽ" असा आवाज निघत होता. काहीजण पहिले दोन खरे म्हणत होते, काहीजण शेवटचे. एकाचं म्हणणं होतं सगळ्यांची बेरीज करावी. पंधरा वर्षांपूर्वी यांतल्या चौघांना बेरीज येत नव्हती.

"उभे राहा!" मी ओरडलो. ते उभेच होते, तरी अधिक उभे राहिले. रेवणप्पाने कान पकडला नाही, पण हात तिकडे गेला होता. "गुरुजी, पाचच मिनिटाला आणलो होतो. पोरगी झोपलती म्हणून इचारलो न्हाई."

"ही पोरीच्या ऑफिसची किल्ली आहे रेवणप्पा! कंपनीने शेकडो मैलांवरून तार, कुलपं, बोगदे बांधले, आणि तू किल्ली शिंप्याच्या मशीनवर ठेवलीस?"

सगळ्यांना वाईट वाटलं. मी डबी उचलली. दारापर्यंत आलो तेव्हा मागून अमृतप्पाचा आवाज आला, आदराने, "गुरुजी, आजचा क्लोजचा आकडा तेवढा सांगून जावा." मी वळून बघितलंसुद्धा नाही. डबी मुठीत धरून मी भर उन्हात गल्लीतून पळालो. निवृत्त मुख्याध्यापक बनियनवर पळताना गल्लीने प्रथमच बघितला.

अकराला दोन मिनिटं कमी असताना बोगद्याचं दार उघडलं. दीपमालाने आकडा टाकला, हिरवा दिवा स्थिर राहिला, आणि तिने मला बाहेर जायला सांगितलं. "अप्पा, कंपनीचं बोलणं हाय. कुणी आत यायचं न्हाई. तुमीबी." मला ते थोडं लागलं. तिची हॉस्टेलची पत्रं मी पाकिटं फोडून वाचत आलो होतो. पण नियम म्हणजे नियम. मी दार लोटून घेतलं आणि पायरीवर बसलो.

तोवर रेवणप्पाच्या अपराधाची भरपाई म्हणून जगदेवी पाट घेऊन आमच्या दारात येऊन बसली होती. अबोला सुटला म्हणताच आजारी माणसाला बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकाला कोंडाबाई कशी पडली ते तिच्याच तोंडून ऐकायचं होतं. जगदेवीने एकालाही सोडलं नाही. "आदी हार घातला, मग पडल्या. झालं. जावा," असं ती बाहेरच उरकून टाकत होती. राजेश्वरच्या इतिहासात इतकी कडेकोट मीटिंग झाली नसेल. तार आता एकट्या माझी होती, कागद पेटीत होते, पेटी बोगद्यात होती आणि बोगद्याच्या तोंडाशी जगदेवी होती. लाइन तुटली नाही. अर्धा तास, पाऊण तास. आतून साहेबांचा आवाज येत होता, ते खूश असावेत. मला वाटलं, जिंकलो. कोंडाबाईजवळ लेक राहिली.

मग दीपमालाचा आवाज बदलला. "नो सर." जरा थांबून, "थँक यू सर, बट नो. माय मदर..." पुढचं हळू होतं. पुन्हा साहेब बोलले, पुन्हा ती, "नो सर. मदर."

आत खाट करकरली.

"कुणाला न्हाई म्हणायलीस?" कोंडाबाई.

"काय न्हाई माय. ऑफिसचं हाय. सांगता येत न्हाई."

"सांगू नको. दोनदा मदर म्हणलीस. माझ्या पायाचं नाव घेऊन कशाला न्हाई म्हणायलीस?"

मी पायरीवरून उठलो होतो. कोंडाबाई चौथी शिकलेली. इंग्रजी तिला येत नाही, पण पोरीचा आवाज येतो. कंपनीने मधल्या साऱ्या रस्त्याचा बंदोबस्त केला होता, खाटेचा नाही. ती खाट टेबलापासून तीन हातांवर होती.

"कुठं पाठवायलेत तुला?"

"जर्मनीला," दीपमाला शेवटी म्हणाली. "दीड वरस. मी न्हाई जाणार. तुला सोडून न्हाई जायचं मला."

कोंडाबाईला दहावीनंतर प्रथमच लेक मिळाली होती. ती लेक समोर बसून म्हणत होती, मी राहते. कोंडाबाईने नुसतं गप्प बसायचं होतं.

"ते साहेब कुठले?" तिने विचारलं.

"विजापूरचे. माय, चालू हाय अजून, त्यांना ऐकू जायलंय..."

"जाऊ दे." आणि प्लॅस्टरचा पाय ओढत ती टेबलाकडे सरकली असावी, कारण काहीतरी पडलं. मग तिने त्या यंत्रात, दूरच्या माणसाशी बोलताना काढतात तसा मोठा आवाज काढून, चक्क कन्नडमध्ये सांगितलं, "सर, ना आकी अव्वा री! आकी होगताळ. हूं अंत बरकोरी!"

मी तिची आई. ती जाईल. हो म्हणून लिहून घ्या.

मग साहेबांनी इंग्रजी सोडलं. "बरकोंडे, अव्वा," ते म्हणाले. लिहून घेतलं. आणि थोड्या वेळाने, "कालु हेंग ऐतरी?" पाय कसा आहे, विचारत होते. प्लॅस्टर निघून ती चालायला लागेपर्यंत आम्ही पोरीला हलवत नाही, तोवर व्हिसाची कामं होतील, असंही त्यांनी सांगितलं. कोंडाबाई 'हूं, हूं' म्हणत राहिली. मग आवाज बंद झाला.

"माय, कामून केलीस असं?" दीपमाला रडत होती. "मी राहत होते ना."

"राहिली असतीस," कोंडाबाई म्हणाली. "आन मग जलमभर मला तुझा तो 'नो सर' ऐकू आला असता. ये. हितं ये, माझ्यापाशी."

पाटावरची जगदेवी पदराने डोळे पुसत होती. तिने माझ्यासाठी दार सोडलं. मला कुणी आत बोलावलं नव्हतं, पण मी आत गेलो.